फक्त तिचं कडवं

"दिव्याखाली नंतर धरा," इदालिना फुर्ताद म्हणाली. "आधी सांगा, वाजेल की नाही?"

"बाई, दिव्याखाली धरल्याशिवाय ते कसं सांगू?"

तिने तबकडी उशीच्या अभ्र्यात घालून, वर टॉवेल गुंडाळून आणली होती. तान्ह्या मुलाला आंघोळीनंतर गुंडाळतात तशी. टॉवेल सोडायला तिने इतका वेळ लावला की आमचे मालक वर्तक दोनदा खुर्चीतून उठले आणि दोनदा बसले. मला हसू येत होतं. जुन्या तबकड्यांच्या धंद्यात राहून मी एवढं शिकलो होतो की, तबकडी जेवढी जपून आणलेली तेवढी ती फुटकी निघते. लोक प्रेमाने जे काही करतात त्याने लाखेच्या तबकडीचं कधीच भलं होत नाही.

ही १९९१ सालची गोष्ट. गिरगावात घड्याळाच्या एका दुकानावर आमची खोली होती. जुन्या तबकड्यांवरचं संगीत उतरवून घ्यायचं, त्यातली खरखर जमेल तेवढी काढायची आणि सीडी करून विकायची, हा वर्तकांचा धंदा. सुरुवातीला त्यांनी नाट्यपदांत हात पोळून घेतले होते. मग कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की, युद्धाआधी मुंबईच्या बड्या हॉटेलांत जे नाचाचे बँड वाजायचे, त्यांच्या तबकड्यांसाठी परदेशातले शौकीन जीव टाकतात. साहेब लोक नाचायचे आणि त्यांना नाचवणारे वादक असायचे साळगाव-म्हापशाकडचे आपले गोंयकार. तेव्हापासून वर्तक दिवसरात्र सॅक्सोफोनच्या गोष्टी करायचे. वास्तविक सॅक्सोफोन आणि सनई यांतला फरक त्यांना डोळे मिटून सांगता आला नसता.

'हार्बर नाइट्स' या बँडची एकच तबकडी निघाली होती, १९३७ साली. कंपनीच्या जुन्या जाहिरातीत तिचं नाव सापडत होतं, तबकडी मात्र कुठे सापडत नव्हती. लढाईच्या काळात लाखेचा तुटवडा पडला, तेव्हा जुनी तबकडी दिल्याशिवाय दुकानदार नवी देत नसत. त्यात कितीतरी गेल्या. कंपनीकडचे धातूचे साचेही वितळवले गेले होते. वर्तकांनी पेपरात छोटी जाहिरात दिली होती, आणि तिच्या उत्तरादाखल ही पन्नाशी ओलांडलेली, कॉटनचा फ्रॉक घातलेली बाई धोबीतलावाहून चालत आली होती.

"माझे पपा क्लॅरिनेट वाजवायचे त्यात," ती म्हणाली. "आणि गायला माझी आई, एर्मेलिंदा."

"अरे वा," वर्तक म्हणाले. "आई आहेत?"

"मी दहा महिन्यांची होते तेव्हा गेली. टायफॉइड." तिने ते इतक्या सहज सांगितलं की वर्तकांना हळहळायलाही सवड मिळाली नाही. "तिचं हे एकच गाणं आहे. त्यातही सगळं नाही. आधी बँड, मग मध्ये एक कडवं ती गाते, मग परत बँड."

"तुम्ही ऐकलंय?"

"नाही. पपांनी कुणाला हात लावू दिला नाही. म्हणायचे, साध्या मशीनवर लावली तर खराब होईल. चांगलं मशीन मिळालं की दोघं मिळून ऐकू." ती माझ्याकडे वळली. "मिस्टर खोत, मी चर्चच्या क्वायरमध्ये गाते. लहानपणापासून. आमच्या म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, डोळे मिटले तर एर्मेलिंदाच गाते असं वाटतं. त्या सगळ्या आता गेल्या. मला एवढंच बघायचंय, माझा आवाज तिचा आहे का."

मी तबकडी दिव्याखाली तिरकी धरली. फुटलेली नव्हती. तडा नव्हता. काळी, चकचकीत, कडेपासून आतपर्यंत जवळजवळ कोरी. आयुष्यात इतकी चांगली तबकडी मी फार थोड्या वेळा हातात धरली असेन. फक्त मधोमध एक करडा पट्टा होता, बोटभर रुंद, तबकडीभर गोल फिरलेला. तिथे लाखेची चकाकी पार गेली होती.

"काय?" तिने विचारलं.

"काही नाही. ठेवून जा. वाजवून बघतो आणि फोन करतो."

"पण नीट वाजली तरी मला फोनवर ऐकवू नका. पपांबरोबर ऐकायचंय."

ती गेल्यावर मी तबकडी लावली आणि वर्तक हात चोळत शेजारी येऊन बसले. सुरुवातच अशी झाली की मीसुद्धा सरळ झालो. ट्रंपेट, मागे बँजो, आणि मग क्लॅरिनेट वर चढत जाताना, शेजारच्या खोलीत वाजावं इतकं स्वच्छ. वर्तकांनी माझ्या मांडीवर थाप मारली. मग सुई त्या करड्या पट्ट्यात शिरली, आणि तव्यावर काहीतरी तळायला टाकावं तसा आवाज सुरू झाला. ताल नाही, सूर नाही, बाई नाही. पट्टा संपला, आणि बँड पुन्हा लख्ख उभा राहिला, मध्ये काही झालंच नाही अशा थाटात.

"हे काय?" वर्तक म्हणाले.

"तिचं कडवं."

असं का होतं ते सांगतो. जुन्या ग्रामोफोनची सुई पोलादी. वजनदार डोकं घेऊन ती खाचेतून फिरायची, आणि एक सुई एका बाजूपुरती, असा नियम होता. बोथट सुई पुन्हा लावली तर ती खाचेची भिंत खरवडत जाते. आवाज त्या भिंतीवरच असतो. तबकडी सारखी वाजवली तर सारखी झिजते, सगळीकडे. ही फक्त मध्येच झिजली होती. म्हणजे कोणीतरी सुई उचलून मुद्दाम तिथेच ठेवली होती, कोण जाणे किती वेळा.

नंतरचा आठवडाभर मी त्या पट्ट्याशी झटत होतो. झिजलेल्या खाचेत जरा जाड सुई घातली तर ती वरच्या, न झिजलेल्या भिंतीला टेकते, आणि कधीकधी मेलेला आवाज उठून बसतो. मी जाड सुई लावली, बारीक लावली, उलटी फिरवून पाहिली, एकेक भिंत वेगळी उतरवून पाहिली. एका दुपारी मला वाटलं की त्या तळणीच्या मागे कुठेतरी बाईमाणसाच्या आवाजासारखं काही आहे. मी ते पन्नासदा ऐकलं. शेवटी रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली तेव्हा तिच्यातही मला तेच ऐकू आलं, आणि मी हेडफोन काढून ठेवले.

वर्तकांनी त्यांचा प्रश्न तोवर सोडवला होता. "कडवं कापून टाक. अलीकडचं पलीकडे जोड. निव्वळ वाद्यांचा तुकडा म्हणून विकू." पुढे सीडी निघाली ती तशीच. जोड कुणाला कळत नाही. मीच बसवलाय तो.

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी इदालिनाला बोलावून घेतलं. ती आली, आणि मी काही बोलायच्या आत खुर्चीत बसून म्हणाली, "गेलंय ना?"

"बँड उत्तम आहे. तुमच्या वडिलांचं क्लॅरिनेट तर..."

"मिस्टर खोत."

"हो. गेलंय."

"सगळं?"

"एकदा वाटलं की मागे काहीतरी आहे. पण शपथेवर नाही सांगू शकणार."

तिने मान हलवली. रडेल असं मला वाटलं होतं, आणि मी पाण्याचा ग्लास भरूनही ठेवला होता. तिने तो घेतला आणि पाणी पिऊन टाकलं. "दुसरी कॉपी?"

"वर्तकांनी परदेशातल्या सगळ्या ओळखीच्यांना लिहिलंय. कुणाकडे नाही. असेल असं मला वाटतही नाही."

"कुणी केलं हे? घरात तर कोणी हात लावत नव्हतं."

मी तिच्या हातातला रिकामा ग्लास घेतला. मला अंदाज होता, पण माझ्या अंदाजाने तिचं काय भलं होणार होतं. ती उठली. निघताना म्हणाली, "रविवारी चर्चमध्ये मिसा झाला की पपांना घेऊन येते. त्यांनी सूट इस्त्रीला दिलाय. त्यांना तुम्ही काही सांगायचं नाही. एका कानाने त्यांना तसंही कमी ऐकू येतं. त्यांना वाटलं ऐकू आलं, तर आलं."

"आणि तुम्ही?"

"मी काय. मी इतकी वर्षं ऐकलंच नव्हतं."

रविवारी कायतान फुर्ताद आले. ऐंशीचे असतील. काळा सूट, बारीक टाय, डोक्याला तेल चोपडून पाडलेला भांग. जिना चढून दम लागला होता तरी खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. नखं स्वच्छ कापलेली होती, पन्नास वर्षं वाद्य वाजवणाऱ्याची असतात तशी. वर्तकांनी त्यांच्यासाठी केक मागवला होता. वर्तक मनाने वाईट नव्हते, फक्त त्यांना दोन मिनिटांपेक्षा जास्त दुःख सहन होत नसे. केक ठेवून ते काहीतरी काम काढून खाली गेले.

"हे मशीन?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो, अंकल."

"हलकं दिसतं."

"याची सुई अगदी हलकी असते. तबकडीला काही होत नाही."

"तेच," ते मुलीकडे वळून म्हणाले. "मी काय सांगायचो तुला बाय? घाई करायची नाही. चांगलं मशीन येणार." मग माझ्याकडे. "कूडमध्ये राहायचो तेव्हा आम्ही. कूड ठाऊक आहे बाब? एका गावची माणसं, एका मोठ्या खोलीत, प्रत्येकाची एक पेटी. ही आजीकडे गावात होती. एर्मेलिंदा गेली आणि मला रात्रीची हॉटेलात जाऊन वॉल्ट्झ वाजवावी लागायची. लोक नाचायचे. दिवसा झोप यायची नाही. इनास म्हणून एकाकडे ग्रामोफोन होता, तो आगबोटीवर गेला की मशीन मला देऊन जायचा. मग मी ही लावायचो."

इदालिनाने मान खाली घातली. ती ऐकत होती की ऐकायचं टाळत होती, मला कळलं नाही.

"पण मी वेडा नव्हतो," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "रेकॉर्ड झिजते हे मला ठाऊक होतं. मी म्युझिशियन माणूस. मी एकदा पण पुरी नाही लावली. पुरी लावली तर पुरी झिजणार ना? सुई उचलायची आणि थेट तिथे ठेवायची. फक्त तिचं कडवं. ते झालं की उचलायची. परत तिथेच. बाकी सगळी नवी कोरी राहिली पाहिजे. एकच सुई होती, ती पण काड्यापेटीवर घासून घासून चालवली. पळय, बघ कशी राहिलीय रेकॉर्ड. आहे की नाही नवी?"

"आहे," मी म्हणालो. "इतक्या चांगल्या मी फार कमी पाहिल्यात."

"बघ," ते मुलीला म्हणाले.

त्या माणसाचा राग आला असता तर बरं झालं असतं, पण त्याने केलं होतं ते प्रेमाखेरीज काहीच नव्हतं, आणि तेही काटकसरीने. मी इदालिनाकडे पाहिलं. तिने मला डोळ्यांनीच सांगितलं, लावा.

मी लावली.

ट्रंपेट सुरू झाल्याबरोबर म्हातारा ताठ झाला. "हा दियोग," तो म्हणाला. "बँजो पावलू. दारू प्यायलाय, ऐका, पुढे पळतोय." क्लॅरिनेट आलं तशी त्याची बोटं गुडघ्यावर चालायला लागली, एकेक बोट बरोबर जागेवर. "हा मी," तो म्हणाला. सव्वीस वर्षांचा कायतान फुर्ताद त्या खोलीत वाजवत होता आणि ऐंशीचा त्याच्या मागोमाग बोटं ठेवत होता. मग सुई पट्ट्यात शिरली.

त्यांची बोटं थांबली. ते पुढे झुकले आणि हाताचा पंजा कानामागे धरला. तळणीचा आवाज खोलीभर पसरला होता. इदालिनाने डोळे मिटून घेतले होते आणि ओठ किंचित उघडे ठेवले होते, ऐकणारी माणसं ठेवतात तसे. तिच्याकडे पाहून मलाही क्षणभर वाटलं की खरंच कोणीतरी गातंय. मग क्लॅरिनेट परत आलं आणि तबकडी संपली.

"ऐकलंस बाय?"

"ऐकलं, पपा."

"सगळं?"

"सगळं."

"स्पष्ट?"

"हो. गोड आहे आवाज."

म्हातारा मागे टेकला. त्याचा सगळा जीव खुर्चीत पसरला. "बरं झालं. मग आता शब्द सांग."

इदालिनाने डोळे उघडले.

"मला काही नाही आलं ऐकू," ते म्हणाले. "तव्यावर मासे तळतात तेवढंच आलं. म्हटलं, माझा कान. तुझा कान चांगला आहे. चाल मला येते, चाल जाणार नाही. शब्द गेले. आधी एक ओळ गेली, मग सगळेच गेले. इंग्लिश होते. तिला इंग्लिश येत नव्हतं, मीच पाठ करून घेतले होते तिच्याकडून. तू आता ऐकलेत ना? सांग."

इदालिनाने तबकडीकडे पाहिलं. मी तिच्या जागी असतो तर चंद्र, समुद्र, परत ये, असले चार शब्द जोडून दिले असते. त्या काळच्या गाण्यांत दुसरं असायचं तरी काय. तिच्या मनातही ते आलं असणार. तिचे ओठ हललेही. पण नवऱ्याने बायकोकडून पाठ करून घेतलेल्या शब्दांच्या जागी आपले शब्द ठेवणं तिला जमलं नाही.

"पपा," ती म्हणाली, "मला पण नाही आलं."

"मग हो का म्हणालीस?"

"तुम्हाला येतंय असं वाटलं."

ते माझ्याकडे वळले. "सुई बदला बाब. दुसरी असेल."

"सगळ्या लावून पाहिल्या, अंकल. आठवडाभर तेच करतोय."

"बाकीचं तर वाजतं."

"हो."

"तेवढंच नाही?"

"तेवढंच."

पुढचं मला सांगावं लागलं नाही. ते तबकडीकडे बघत बसले. खिडकीतून आलेल्या उजेडात तो पट्टा आता त्यांनाही दिसत असणार. उजवा हात उचलून त्यांनी कोटाच्या खिशात घातला आणि तिथेच ठेवला. मला काहीतरी बोलायला हवं होतं. केक घ्या, असं मी म्हणालो, आणि बोलताच मला माझी लाज वाटली.

तेव्हा इदालिना गुणगुणायला लागली. बापाने आयुष्यभर क्लॅरिनेटवर वाजवलेली चाल तिला पाठ होती. आधी नाकातल्या नाकात, मग ओठ उघडून, नुसत्या आकारात, शब्दांशिवाय. मला त्यातलं फार कळत नाही, पण तो आवाज साधा होता, थोडा वयाने चिरलेला, आणि तिने एकही सूर सजवला नाही. कडवं होतं तेवढंच ती गायली. खाली रस्त्यावर रविवारची शांतता होती. म्हाताऱ्याने मान वर केली होती आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता, पाठ करून घेताना बघतात तसा.

कडवं संपलं. ती खुर्चीच्या कडेवर सरकली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पपा, तिचा असाच होता?"

त्यांनी डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. ती त्यांच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता वाट बघत राहिली.

"आठवत नाही गो," ते म्हणाले. "तेच आठवायला आलो होतो मी."